आपली चिठ्ठी आपणच न्यायची

सोमवारी सकाळी माझ्या बायकोने स्वतःची चिठ्ठी ओढत नेऊन मसणात ठेवली. ती खाटेवर होती. लॅपटॉप उशीवर होता. मी दारात होतो. चिठ्ठी ठेवल्यावर तिने लॅपटॉप मिटला आणि चहा मागितला. तो तिने घेतला नाही. पुढच्या महिन्यात ती वारली.

हे मसण म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण ते तिनेच बांधलं होतं.

ती डिचोलीच्या एका छोट्या कंपनीत कामाला होती. खाणी चालू असताना जिथे ट्रकवाल्यांची खानावळ होती, त्या इमारतीच्या माडीवर त्यांचं ऑफिस. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांना आणि गेस्ट हाऊसांना आपल्या खोल्या भाड्याने देता याव्यात म्हणून एक ॲप ही मंडळी बनवत. त्यात पुढे काय नवं करायचं, काय करायचं नाही, कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे सगळ्यांकडून ठरवून घेणं हे तिचं काम. आमच्या कोरगावाहून डिचोली म्हणजे स्कूटरने कोलवाळ, थिवी, अस्नोडा करत जायचं, लाल धूळ खात. म्हणून आठवड्यातले बरेच दिवस ती घरूनच काम करी आणि ते सगळं चाले एका फळ्यावर.

फळा हा माझा शब्द. मी पेडण्याच्या हायर सेकंडरीत मराठी शिकवतो, मला दुसरा शब्द सुचत नाही. ती बोर्ड म्हणे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पांढरी मोकळी जागा. कुठेही सरकत गेलं तरी तिला कड लागत नाही. ज्याने त्याने आपली कल्पना रंगीत चौकोनी चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायची. माणसं आपापल्या घरी असतात, पण फळ्यावर प्रत्येकाचा एक बाण फिरत असतो आणि बाणाच्या शेपटीला त्याचं नाव असतं. कोण कुठल्या चिठ्ठीपाशी घुटमळतोय, कोण नुसताच कोपऱ्यात उभा आहे, हे सगळ्यांना दिसतं. मग ठिपके वाटायचे. प्रत्येकाला सारखेच ठिपके मिळतात आणि आवडलेल्या चिठ्ठ्यांवर ते द्यायचे असतात. कुणी कुणाला दिला ते मात्र फळा सांगत नाही. भरपूर ठिपके मिळालेल्या चिठ्ठ्या 'आता' या कप्प्यात जात, त्यांच्यामागच्या 'मग'मध्ये, आणि उरलेल्या सगळ्या 'कधीतरी'मध्ये.

"तुमच्या फळ्यार पुसतत, मास्तर," ती एकदा मला म्हणाली होती. चारचौघांत ती मला अहो म्हणे, आणि टोमणा मारायचा असला की मास्तर. "आमच्या बोर्डार कोण काय पुसना नाय. कधीतरीत घालून ठेवतत. आणि दर बैठकेक ती मडी परत उठान बसतत."

त्या उठून बसणाऱ्या मढ्यांचा तिला कंटाळा आला होता. त्यांचा प्रमुख पुण्याचा, बोलायला मऊ. कुणालाही नाही म्हणणं त्याच्या जिवावर येई. "आपण हे तूर्त पार्क करूया," असं म्हणून तो प्रत्येक टाकाऊ चिठ्ठी कधीतरीत नेऊन ठेवी. एक दिवस बायकोने फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन काढला, त्यावर 'मसण' लिहिलं आणि तो तिथून कुणाला हलवता येऊ नये म्हणून त्याला कुलूप लावलं. तशी सोय त्या फळ्यावर असते. मग तिने नियम सांगितला. ज्या चिठ्ठीवर पुरेसे ठिपके पडणार नाहीत ती मसणात जाईल, आणि ती जिची तिनेच किंवा ज्याची त्यानेच न्यायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

"का पण?" मी विचारलं.

"दुसऱ्यान व्हेली तर मनीस झगडता. आपणच व्हेली तर रडता आणि गप रवता."

पहिला मान कोल्हापूरच्या एका प्रोग्रॅमरला मिळाला. शनिवार होता, मला सुट्टी होती, मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलो होतो आणि लॅपटॉपमधले सगळ्यांचे आवाज मला ऐकू येत होते.

"मॅडम, जरा दमानं घ्या की," तो म्हणत होता. "पोरगं हाय वो ते माझं."

"पोरगं आहे ना, मग खांद्यावर घ्या," बायको म्हणाली. ऑफिसच्या माणसांशी ती शुद्ध बोले, वाईट बातमी द्यायची असली की अधिकच. "चला. उशीर झाला की वास येतो."

सगळे हसले. तोही हसला. त्याने चिठ्ठी उचलली आणि ओढत कोपऱ्याकडे नेऊ लागला. कुणी सांगितलं नव्हतं, पण बाकीचे बाण त्याच्या मागे एका ओळीत चालू लागले. कुणीतरी बाजूला 'राम नाम सत्य' असं टाइप केलं. कुणीतरी झेंडूच्या फुलाचं चित्र चिकटवलं. बायकोने मला हाक मारून ते दाखवलं. फळ्यावरची ती अंत्ययात्रा पाहून मलाही हसू आलं, हे खरं आहे.

त्या दिवसापासून ती रीतच पडली. बाणांची रांग, राम नाम, झेंडू. वर्षभरात मसण भरून गेलं. प्रमुख बाहेरच्या लोकांना अभिमानाने सांगू लागला की आमची टीम मरण साजरं करते.

म्हापशाची एक मुलगी त्यांच्याकडे नव्याने लागली. ॲप दिसायला कसं असावं ते ती ठरवायची. पहिल्याच आठवड्यात तिची एक चिठ्ठी गेली. रात्रभर बसून तिने तिच्यासाठी चित्रंही काढली होती. ती चिठ्ठी ओढत असताना मुलगी रडली. तिचा कॅमेरा चालू होता. बायकोने मला हे सांगितलं ते नारळ खवताना.

"मग तू काय केलंस?"

"काय करतलंय? थांबलंय. पुरी व्हेयसर थांबलंय."

"तू क्रूर आहेस."

"रडला ता. रडांदे. आता दया केलंय तर वर्सभर घाण चिठ्ठ्यो घालतला." खवणीवरून हात न काढता ती पुढे म्हणाली, "दयेन दिल्लो ठिपको म्हणजे लबाडी, मास्तर. त्या चेडवाक मी ताच सांगलंय."

मुलगी टिकली. पुढे बायको तिचं कौतुक करी, पण तिच्या तोंडावर कधी नाही.

आता तिच्या स्वतःच्या चिठ्ठीबद्दल.

बायको मोरजीची. तिचे वडील लवकर गेले. आई एकटी राहते आणि घराची समुद्राकडची खोली हंगामात भाड्याने देते. त्या एका खोलीवर तिचं वर्ष निघतं. बायकोने ती खोली कंपनीच्या ॲपवर घातली होती. पण सासूकडे साधा फोन, आणि असता दुसरा तरी तिने ॲप उघडलं नसतं. म्हणून मायलेकींची जुनी खूण चालू राहिली. खोलीत पाहुणा आला की सासू मुलीच्या फोनवर एक रिंग देऊन ठेवून द्यायची. पाहुणा गेला की दोन वेळा रिंग. फोन उचलायचा नाही. एक रिंग आली की बायको जिथे असेल तिथून ॲपवर खोली भरलेली दाखवी, दोन आल्या की रिकामी. कॉलेजात असताना वसतिगृहावर पोचले, जेवले, हे दोघी अशाच कळवत, तीच ही खूण.

बायको आजारी पडली आणि आजार कुठला ते इस्पितळात कळलं, तेव्हा घरी परतताना गाडीत, कोलवाळच्या पुलावर, ती म्हणाली, "माझ्यामागसून आवशीची रिंग कोण घेतलो?"

मी म्हणालो, मी घेईन.

"तुम्ही तासार असतलास. फोन बंद करून." ती बाहेर नदीकडे पाहत होती. "आणि बाकीच्यो बायलो? मांद्र्यात, मोरजेंत घरोघर एकेक खोली आसा. तेंच्या सगळ्यांची चेडवां आमच्या ऑफिसात आसत?"

अशी ती चिठ्ठी झाली. पिवळी. 'मिस्ड कॉल दिला की खोली भरली, दोन दिले की रिकामी. एका खोलीच्या घरांसाठी.' तिला ती 'आता'मध्ये जायला हवी होती आणि आपल्या डोळ्यांदेखत ती चालू झालेली पाहायची होती. दुसरं काही तिने मागितलं नाही. औषधाच्या फेऱ्या चालल्या, केस गेले, बोटांची टोकं बधिर झाली. कपाची उष्णता कळेनाशी झाली म्हणून मी तिला चहा निववून देऊ लागलो. डॉक्टर दर वेळी म्हणत, पुढच्या महिन्यात बघू. एकदा बाहेर आल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर माका कधीतरीत घालून ठेयता," आणि बाकावरच्या बायकांनी वळून पाहण्याइतकी मोठ्याने हसली.

त्या सोमवारी सहा महिन्यांची योजना ठरायची होती. आदल्या आठवड्यात प्रमुखाचा फोन आला. "तू आराम कर. आपण बैठक पुढे ढकलू."

"कुठवर ढकलाल?" तिने विचारलं.

बैठक ठरल्या दिवशीच झाली.

सासू पहाटेच मोरजीहून आली होती. तिला एवढंच माहीत होतं की आज आपल्या रिंगेचं काहीतरी ठरणार आहे. तिने पेज शिजवली, डोक्यावर पदर घेतला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली, देवळात बसावं तशी.

बायकोने चिठ्ठी समजावून सांगितली. आवाज बारीक झाला होता पण शुद्ध होता. मग ठिपक्यांची वेळ झाली. ती चालू असताना फळा एक हलकं संगीत वाजवतो, हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसं. मी दारातून पडद्याकडे पाहत होतो. संगीत थांबलं. रिसॉर्टांना महिन्याचा हिशेब एका नजरेत दाखवणारी कुठलीशी चिठ्ठी ठिपक्यांनी माखून गेली. पिवळ्या चिठ्ठीवर दोन ठिपके होते. एक तिचा स्वतःचा.

प्रमुख खाकरला. "ही आपण कधीतरीत ठेवूया. चालेल ना सगळ्यांना? आयडिया छानच आहे."

त्याने तेव्हा ती सरळ उचलून ठेवली असती तर झालं असतं. पण रीत अशी होती की दुसऱ्याच्या चिठ्ठीला हात लावायचा नाही, आणि इतक्या महिन्यांत ती त्यांच्या हाडीमांशी भिनली होती. तो थांबला. सगळे थांबले. सगळ्यांचे बाण पिवळ्या चिठ्ठीभोवती येऊन उभे राहिले, आणि मला पेजेच्या वाडग्याभोवती जमणाऱ्या माश्या आठवल्या.

मग त्या म्हापशाच्या मुलीचा आवाज आला. "ताई, आपली आपणच न्यायची ना?"

त्या आवाजात काय होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला ते अजून ठरवता आलेलं नाही.

"बरोबर," बायको म्हणाली.

तिने बोट पुढे केलं. बधिर बोटाला चिठ्ठी धरलेली कळत नव्हती. चिठ्ठी निघाली आणि मध्येच सुटली. 'मग'च्या कप्प्यात पडली. क्षणभर ती तिथे बरी दिसली. बायकोने ती पुन्हा उचलली. पुन्हा सुटली. मी एक पाऊल आत टाकलं तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दारात परत गेलो. बाकीचे बाण तिच्या मागे ओळीत लागले होते. ती थांबली की तेही थांबत. कोल्हापूरच्या त्या माणसाच्या नावाचा बाण थोडा बाजूला गेला आणि तिथे अक्षरं उमटली, 'राम ना', आणि लगेच एकेक करून पुसली गेली. झेंडू मात्र पडला. कुणाच्या तरी हाताला तेवढी सवय होती.

चिठ्ठी काळ्या चौकोनात पोचली.

"थँक यू," प्रमुख म्हणाला. "पुढचा विषय घेऊया."

लॅपटॉप मिटल्यावर सासू दाराशी आली. "माझ्या रिंगेचा काय झाला गो?"

"होतला," बायको म्हणाली. मग आईकडे न बघता म्हणाली, "कधीतरी."

मी चहा टाकायला आत गेलो.

आम्हाला मूल नाही. अग्नी मीच दिला. तेराव्याला कंपनीची माणसं एका गाडीतून आली, पांढरे कपडे घालून. प्रमुखाने माझे दोन्ही हात धरले. "तिने आम्हाला नाही म्हणायला शिकवलं," तो म्हणाला.

"शिकलात तुम्ही," मी म्हणालो.

त्याला ते कौतुक वाटलं असावं. त्याने खिशातून फोन काढून फळा दाखवला. पिवळी चिठ्ठी मसणातून काढून त्यांनी 'आता'मध्ये ठेवली होती. तिच्यावर सगळ्यांचे सगळे ठिपके होते. बाजूला बायकोचा एक जुना फोटो आणि त्याला झेंडू, तोच, मसणातला. सासू पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे आता माझी रिंग चलतली?"

"हो आई. नक्की," प्रमुख म्हणाला.

जेवण झाल्यावर हात धुवायला जाताना कोल्हापूरच्या माणसाने मला गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, "सर, त्यो दुसरा ठिपका माझा होता. मॅडमना सांगायचं राहिलं बगा." मी मान हलवली. निघताना प्रमुखाने मला फाटकापाशी बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की तो दुसरा ठिपका त्याचा होता. जो बेळगावचा मुलगा गाडी चालवत होता, त्याने पुढच्या आठवड्यात फोन करून हेच सांगितलं. एका ठिपक्याचे तीन मालक झाले. म्हापशाची मुलगी मात्र तेराव्याला आलीच नव्हती.

पावसाळा संपला आणि हंगाम सुरू झाला. मोरजीच्या खोलीत एक जोडपं उतरलं. सासूने सवयीने मुलीच्या नंबरवर एक रिंग दिली. तो फोन माझ्या कपाटात बंद पडून होता. ॲपवर खोली रिकामीच दिसत राहिली आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांसकट एक कुटुंब तिच्या दारात आलं. त्यांनी ॲपवर आगाऊ पैसे भरले होते. त्यातला गृहस्थ अंगणात उभा राहून तिला चोर म्हणाला. शेजारीपाजारी जमले. सासूने त्यांना स्वतःची खाट आणि आतली खोली दिली, स्वतः गोठ्याच्या पडवीत निजली. ते जाताना ॲपवर लिहून गेले की म्हातारी फसवते. हे मी वाचलं. सासूला वाचून दाखवलं नाही. तिने मला एवढंच विचारलं, "नक्की म्हणालो तो. मगे रिंग खंय गेली?"

मी घरी येऊन बायकोचा लॅपटॉप उघडला. कंपनीने तो अजून परत मागितला नव्हता. त्यांना लाज वाटत असावी. संकेतशब्द मला माहीत होता, तिने तो माझ्यापासून कधी लपवला नव्हता. मला फक्त चिठ्ठी कुठवर आली ते बघायचं होतं.

फळा उघडला तेव्हा त्यांची बैठक चालू होती. हे मला ठाऊक नव्हतं. आवाज माझ्याकडे येत नव्हता, फक्त बाण दिसत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी आत आलो तसे ते एकदम जागच्या जागी थांबले. का, ते मला जरा वेळाने उमजलं. माझा बाण तिच्या नावाचा होता.

मी चिठ्ठी शोधू लागलो. 'आता'मध्ये ती नव्हती. 'मग'मध्ये नव्हती. 'कधीतरी'च्या तळाशी, रंगीत चिठ्ठ्यांच्या ढिगाखाली होती. ठिपके काढून टाकलेले होते. फोटोही दिसला नाही. तिच्या चिठ्ठीला कुणीतरी हात लावला होता, रीत मोडून. आणि त्यांनी तिला न्यायचं तिथे नेलं नव्हतं. बायकोला ज्याचा सगळ्यांत तिटकारा होता तिथे आणून टाकलं होतं.

एका बाणापाशी अक्षरं उमटली. 'सर?'

मी उत्तर दिलं नाही. मला तिथे लिहायचं कसं तेही माहीत नव्हतं. मी चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि ओढली. पहिल्यांदाच करत होतो, तरी माझ्या हातून ती सुटली नाही. बोटं शाबूत असली की ते अगदी सोपं काम आहे. कोपरा लांब होता. अर्ध्या वाटेवर पाहिलं तर बाण माझ्या मागे ओळीत लागले होते. कुणी काही लिहिलं नाही. झेंडू पडला नाही. मी चिठ्ठी काळ्या चौकोनात ठेवली आणि स्मशानातून निघताना मागे वळून बघत नाहीत तसा लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप उघडला तर फळा दिसेना. तिचं खातं त्यांनी बंद केलं होतं.

लॅपटॉप न्यायला म्हापशाची मुलगी आली. स्कूटर फाटकाबाहेर लावून ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, कदेलीवर बसवलं. खुर्चीला आमच्याकडे अजून कदेल म्हणतात. ही बायकोची कामाची. मुलगी तिच्या कडेवर टेकून बसली.

"आम्ही नवा बोर्ड केला," ती म्हणाली. "जुन्यावरचं मसण कुणाला काढता येईना. ताईंनी कुलूप लावलं होतं ना. म्हणून सगळं नव्यावर उचलून नेलं. मसण सोडून."

"आणि चिठ्ठी?"

"ती तिथेच राहिली."

मी तिला विचारलं, "तो दुसरा ठिपका तुझा होता का?" मला तिला दुखवायचं होतं. ती हो म्हणेल आणि मी तिला बाकीच्या तिघांबद्दल सांगेन, असं मनात होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही दिला." तिने मान वर केली. "मला चिठ्ठी चालेलशी वाटली नाही. फोन कंपन्यांचं मध्ये पुष्कळ काही येतं. ताई आजारी आहेत म्हणून द्यावासा वाटला, खूप वाटला. मग नाही दिला. त्यांनीच सांगितलं होतं."

"आणि ते वाक्य? आपली आपणच न्यायची?"

ती कदेलीवरून उठली. मग म्हणाली, "आमचे सर त्यांना कधीतरीत टाकत होते."

मी लॅपटॉप पिशवीत घालून तिला दिला. चहा घेतेस का विचारलं, ती नको म्हणाली, आणि मी पुन्हा विचारलं नाही. फाटकापाशी तिने सांगितलं की पुढच्या हंगामापासून एका खोलीची घरं ॲपवरून काढून टाकायचं ठरलं आहे. त्या चिठ्ठीला भरपूर ठिपके पडले.

"तू दिलास?"

"हो," ती म्हणाली आणि स्कूटर चालू केली.

सासूला मी हे सांगितलेलं नाही. माझ्या नंबरवर रिंग द्या असं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुमचो नंबर माझ्या बोटांक येना नाय." ॲपवर ती खोली आता मी बघतो, पुढच्या हंगामापर्यंत ती तिथे आहे. बायकोचा फोन मी चार्ज करून खिशात ठेवतो. वर्गातही बंद करत नाही. एक रिंग आली की खोली भरली, दोन आल्या की रिकामी. मी फोन उचलत नाही.